‘आमचे अण्णा’ की ‘माझे अण्णा’?

(पत्र लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई 38 वर्षांच्या आहेत, नाशिकला सिडकोत राहतात. घरात सगळे ज्यांना अण्णा म्हणत ते त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. गेल्या वर्षी ते गेले. दोन महिन्यांनी वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी ‘आमचे अण्णा’ अशी छोटी पुस्तिका नातेवाइकांना द्यावी, असं ताईंच्या मनात आलं. सोळा पानं लिहून त्यांनी ती 11 वर्षांनी मोठ्या भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, ‘तूही दोन पानं लिही’ म्हणून. तीन दिवसांनी उत्तर आलं : ‘हे तुझे अण्णा आहेत. माझे वेगळे होते. माझं नाव घालू नकोस.’ फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘तुला त्यांच्या पेटीत टिकल्या सापडायच्या. मला चिल्लर मोजायला लागायची, आणि हिशेब चुकला की कानाखाली बसायची.’ आई म्हणाली, ‘जाऊ दे गं, गेलेल्या माणसाचं काय काढायचं.’ नवरा म्हणतो, दादाला सोडून दे, तू छाप. तेव्हापासून ताईंना धड झोप नाही. ‘माझ्या आठवणी खोट्या आहेत का? मी ज्यांच्यावर एवढा जीव लावला ते अण्णा नव्हतेच का? पुस्तिका छापू की राहू देऊ? दादाशी काय बोलू?’

प्रिय ताई,

पत्रासोबत तुम्ही त्या सोळा पानांचे फोटो पाठवलेत. मी आधी ती पानं वाचली आणि पत्र नंतर. उलटं केलं असतं तर कदाचित दादाच्या बाजूने कान टवकारूनच वाचलं असतं.

टिकल्यांचं पान मला फार आवडलं. तिकिटाला भोक पाडलं की पंचातून पडणारे ते कागदाचे बारीक गोल, गुलाबी, पिवळे, हिरवे. तिकिटांच्या पेटीच्या तळाशी ते साचायचे. अण्णा ड्यूटीवरून आले की पेटी उपडी करून तुमच्या तळहातावर झटकायचे आणि तुम्ही ते वेचून बाहुलीच्या कपाळाला लावायचात. एकदा थुंकी लावून स्वतःच्याच कपाळाला लावलात आणि शाळेत बाईंनी विचारल्यावर सांगितलंत, ‘ही निमाणीच्या तिकिटाची आहे.’ हे कुणाला रचून लिहिता येत नाही. एवढं बारीक खोटं बोलायला माणूस फार हुशार असावा लागतो, आणि (राग मानू नका) तुमच्या बाकीच्या लिखाणात तेवढी लबाडी कुठे दिसत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. तुमच्या आठवणी खोट्या नाहीत. दादाच्याही नाहीत. दोघांतला एक जण खरा असेल तर दुसरा खोटा असलाच पाहिजे, ही गाठ तुम्ही स्वतः मारून ठेवली आहे, आणि रात्री दोन वाजता तीच सोडवत बसता.

तुम्ही नाशिकच्याच, म्हणून एक सांगते. गोदावरीला पूर आला की आपल्याकडे कुणी क्युसेक विचारत नाही. ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?’ एवढंच विचारतात. नदीपात्रातली ती मारुतीची मूर्तीच आपली मोजपट्टी. 2008 च्या पुराबद्दल आमच्या गल्लीत आजही वाद होतो. एक जण म्हणतो कमरेपर्यंत पाणी मी डोळ्यांनी पाहिलं, दुसरा म्हणतो छातीपर्यंत, तिसरा म्हणतो कसली छाती, मारुती दिसतच नव्हता. तिघंही आपापल्या आईची शपथ घ्यायला तयार असतात. तिघंही खरंच बोलत असतात. कमरेपर्यंत म्हणणारा सकाळी लवकर जाऊन आला होता, एवढंच.

तुमचा दादा अण्णांकडे तुमच्याआधी 11 वर्षं गेला. पाणी तेव्हा कुठवर होतं, ते तुमच्याच पानांतून जमवून पाहिलं. अण्णा 1975 च्या सुमाराला एसटीत लागले. पाठच्या दोन बहिणींची लग्नं त्यांच्या डोक्यावर. जुन्या नाशकात वाड्यातली भाड्याची दीड खोली, पाणी खालच्या नळावरून. आठवड्यातल्या तीन-चार रात्री मुक्कामी गाडी, म्हणजे संध्याकाळी कुठल्यातरी खेड्यात गाडी लावायची, तिथेच झोपायचं आणि पहाटे पहिल्या प्रवाशांना घेऊन परत फिरायचं. दादा तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल. त्याला अण्णा भेटायचे ते असे : न झोपलेले, आणि समोर चिल्लरीचा ढीग. तिकिटं विकली तेवढे पैसे भरावेच लागतात. कमी पडले तर कंडक्टरच्या खिशातून जातात. दोन रुपयाची तूट म्हणजे त्या घरात एका दिवसाची भाजी. त्या ढिगासमोर पोराला मोजायला बसवलेलं, आणि पोराने चूक केली.

मग 1993 मध्ये अण्णांना शहर वाहतुकीत ड्यूटी मिळाली. आता नाशिकच्या बस सिटीलिंकच्या आहेत, पण 2021 पर्यंत शहरातल्या गाड्याही एसटीच चालवायची. रात्री घरी येणं सुरू झालं, आत्यांची लग्नं उरकली होती, सिडकोतलं घर झालं होतं. तुम्ही तेव्हा पाच वर्षांच्या. पेटी तीच, पण ती उपडी करून टिकल्या झटकायला आता त्यांच्याकडे वेळ होता.

हे मी तुम्हाला सांगते आहे, दादाला ऐकवण्यासाठी नाही. ‘अरे, परिस्थितीच तशी होती त्यांची’ हे वाक्य तुमच्या तोंडून त्याच्या कानावर पडता कामा नये. परिस्थिती काय होती हे तुम्ही ऐकलंय, तो त्या दीड खोलीत राहिलाय. आणि परिस्थिती कळली म्हणून कानाखाली बसलेली चपराक परत जात नाही. कित्येक घरांत हीच चूक होते. धाकटं भावंड वडिलांचं वकीलपत्र घेतं आणि थोरल्याला वाटतं, इतक्या वर्षांनी बोललो तर इथेही उलटतपासणीच.

आता तुमच्या सातव्या पानावर येते. तिथे एक वाक्य आहे : ‘अण्णांनी आम्हा मुलांवर कधी हात उगारला नाही.’

ताई, दादा या वाक्यावर थांबला असणार. फोनवरचं त्याचं बोलणं पुन्हा आठवून पाहा. टिकल्यांबद्दल त्याची तक्रार नाही, बहिणीला सापडल्या, बरं झालं. त्याची तक्रार ‘आम्हा’ या शब्दाबद्दल आहे. तुम्ही एका शब्दात त्याचं बालपण तुमच्या बालपणात ओढून घेतलंत, त्याला न विचारता, आणि वर त्याने खाली सही करावी म्हणून पाठवून दिलंत. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला कळतं. ‘आम्ही’ हा शब्दच असा आहे की घरात लाडकं असलेलं माणूस तो सहज सगळ्यांच्या वतीने वापरतं. पण ‘माझ्यावर कधी हात उगारला नाही’ असं वाक्य असतं तर ते शंभर टक्के खरं होतं, आणि दादाने कदाचित दोन पानं लिहिलीही असती. कदाचित नसतीही.

म्हणून पुस्तिका जरूर छापा, पण नाव बदला. ‘माझे अण्णा’ करा आणि खाली तुमचं एकटीचं नाव घाला. मग ती कुटुंबाची अधिकृत बखर राहत नाही, एका मुलीचं सांगणं होतं, आणि त्याला कुणाच्या संमतीची गरज नाही. तुमचे मिस्टर म्हणतात ते ‘दादाला सोडून दे’ आणि हे वेगळं आहे. दादाला वगळून ‘आमचे अण्णा’ छापलंत तर नातेवाईक पहिला प्रश्न विचारतील, ‘दादाचं काही नाही का यात?’ आणि त्या दिवशी पाटावर पिंड ठेवायला तोच बसलेला असेल. ‘माझे अण्णा’ म्हटलं की तो प्रश्नच उरत नाही.

शब्द बदलताना आणखी एक करा. पेन घेऊन सगळी विशेषणं खोडा. पेपरातल्या ‘प्रथम पुण्यस्मरण’च्या चौकटी मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. तिथे प्रत्येक जण मनमिळाऊ, परोपकारी, प्रेमळ आणि कष्टाळू असतो. मला नेहमी प्रश्न पडतो की मग नाशकातली खडूस माणसं अमर आहेत की काय. तुमच्या पहिल्या पानावर अण्णा ‘प्रेमळ, निष्कलंक, देवमाणूस’ आहेत. देवमाणूस वाचून दादासारख्या माणसाला चीड येते, आणि बाकीच्यांना काहीच होत नाही, ते पान उलटतात. चौथ्या पानावर मात्र अण्णा सुट्टीच्या दिवशीही जेवताना पोळ्या मोजतात, आणि रेडिओवर बातम्या संपल्या की ‘चला, डबल बेल’ म्हणून दिवा घालवतात. ते अण्णा मला दिसले. ते कुणालाही अमान्य करता येणार नाहीत, दादालाही नाही, कारण डबल बेल त्यानेही ऐकली असेल.

दादाला मारल्याचं पुस्तिकेत घालायचं का? नाही. प्रामाणिकपणाच्या भरात तेही करून बसाल म्हणून सांगते. ती गोष्ट त्याची आहे. सांगायची की नाही, कुणाला आणि कधी, ते तो ठरवेल. तुमचं काम खोटं न लिहिण्याचं आहे. सगळं लिहिण्याचं नाही.

माझं एक सांगते, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. मी आणि माझी बहीण, वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी एका गोष्टीवरून भांडत होतो. रविवारी सकाळी ते आम्हाला मिसळ खायला न्यायचे ते कुठे? मी म्हणायचे पंचवटीत, ती म्हणायची भद्रकालीकडे. ती इतक्या खात्रीने सांगायची की मला माझाच संशय यायला लागला. शेवटी मावशीकडून कळलं की दोघींना एकदम कधी नेलंच नव्हतं. खिशाला परवडत नव्हतं, म्हणून एका रविवारी एकीला, दुसऱ्या रविवारी दुसरीला. दोघींनाही वाटत होतं की आपण सगळे मिळून जायचो.

आईचं मौन तुम्हाला टोचतंय. ‘जाऊ दे’ म्हणजे ती दादाच्या बाजूने, असा अर्थ तुम्ही काढलात. मला तसं वाटत नाही. 71 वर्षांच्या बाईला नवरा जाऊन वर्ष होत नाही तोवर मुलगी विचारते, ‘अण्णा कसे होते, खरं सांग.’ या प्रश्नाला ती काय उत्तर देणार? तिच्याकडे तिसरेच अण्णा आहेत. तिला निकाल द्यायला लावू नका. त्याऐवजी दुपारी मेथी निवडताना एक जुना फोटो पुढे ठेवा, एका दुपारी एकच, आणि विचारा, हा कुठला, ही साडी कुठून घेतली होती, वाड्यात भाडं किती होतं. उत्तरं लांबत जातात. फोनचा रेकॉर्डर सुरू ठेवायचा असेल तर आधी तिला सांगा, चोरून नको.

फोटोंचा विषय निघालाच आहे म्हणून बाकी वाचकांसाठीही. चिकट पानांवर प्लास्टिकचा कागद असलेले जुने अल्बम घरोघरी असतात. त्यातला गोंद फोटो पिवळे करतो आणि पुढे ते निघतही नाहीत, म्हणून आताच सोडवून घ्या. अडकलेला असेल तर ओढू नका, अल्बममध्येच त्याचा फोटो काढा, खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही असा, फ्लॅश न मारता. मागे नाव-साल लिहायचं तर मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा वण पुढच्या बाजूला उमटतो. तुम्ही लिहिलंय की 1995 सालची एक कॅसेट आहे, त्यात तुम्ही कविता म्हणता आणि मागे अण्णा खोकतात. ती घरातल्या धूळ खात पडलेल्या टेपवर लावून बघू नका, फीत गुंडाळली तर खोकला कायमचा गेला. आधी चांगल्या चालणाऱ्या टेपवरून मोबाइलमध्ये उतरवून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे अण्णांचे आवाजी निरोप आजच दुसरीकडे साठवा, फोन बदलताना हेच पहिलं हरवतं. ज्यांचे वडील अजून समोर खुर्चीत पेपर वाचत बसलेत त्यांनी तर पुस्तिकेच्या फंदात न पडता त्यांना पगाराचा पहिला आकडा विचारावा. पुढचा तासभर तुम्हाला काही विचारायला लागणार नाही.

झोपेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. वर्षश्राद्ध जवळ आलं की दुःख पुन्हा वर येतं, त्यात काही वावगं नाही. पण आणखी दोन-तीन आठवडे झोप अशीच राहिली, जेवण तुटलं, कामात लक्ष लागेनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही फोनवरची मोफत सेवा आहे, 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

राहिला दादा. मेसेजवर काही लिहू नका. या प्रकरणाचा निम्मा घोळ मेसेजनेच झालाय. त्याच्याकडे जा, बायको-मुलांसमोर विषय काढू नका, चहा झाल्यावर ‘चल, सोमेश्वरपर्यंत जाऊन येऊ’ म्हणा. शेजारी शेजारी चालताना पुरुष माणसं जरा बरं बोलतात, समोरासमोर बसवलं की गप्प होतात. सातव्या पानावरचा ‘आम्हा’ चुकला, तो मी काढलाय, एवढं सांगा. त्या एका शब्दाची माफी मागा. अण्णांच्या वतीने माफी मागू नका, ती तुमच्याकडे नाही. आणि त्याने अण्णांना माफ करावं अशी अपेक्षा डोळ्यांत घेऊन जाऊ नका, ती लगेच दिसते.

मग एकच गोष्ट विचारा. तुमच्या बाराव्या पानावर 27 ऑगस्ट 2003 आहे. सिंहस्थाची पर्वणी. रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक गेले, तो दिवस. अण्णा जादा गाड्यांवर होते, घरात मोबाइल नव्हता. तुम्ही 15 वर्षांच्या. तुम्ही लिहिलंय की रात्री साडेअकराला अण्णा आले, शर्टावर घामाचं मीठ सुकलेलं, आणि पेटीतून कागदात बांधलेला राजगिऱ्याचा लाडू काढून त्यांनी तुमच्या हातावर ठेवला. कुणा म्हातारीने गाडीतून उतरताना दिला होता, तो त्यांनी दिवसभर खाल्ला नव्हता. पानभर ते वर्णन आहे. आणि खाली, कंसात, एक ओळ : ‘(दादा त्या दिवशी सायकलवर त्यांना शोधत फिरत होता म्हणे.)’

म्हणे?

सव्वीस वर्षांचा मुलगा, सातपूरच्या कंपनीतली पाळी सोडून, बंद केलेले रस्ते, अडवलेले पूल, माणसांचा समुद्र, त्यात दिवसभर सायकल मारत फिरला. अण्णा घरी आले तेव्हा लाडू तुमच्या हातावर पडला. तो तेव्हा घरात आला होता का? त्याला अण्णा काय म्हणाले? त्याने काय म्हटलं? तुमच्या सोळा पानांत याचं उत्तर नाही, कारण तुम्ही त्याला कधी विचारलेलं नाही.

विचारा, कुठून निघालास, कुठे कुठे गेलास. तो बोलायला लागला तर मध्ये लाडवाचं सांगू नका. ‘काही नाही गं, असंच’ म्हणाला तर तेवढ्यावरच सोडा, सोमेश्वरला भाजलेलं कणीस खा आणि परत या. दोन महिने आहेत. छापायला द्यायच्या आधी तो कंस तेवढा काढून टाका.